मेंढरांचे बिल्ले

सीनेकाठच्या आमच्या घरात गुडघाभर पाणी शिरलं आणि घराच्या विम्याचा पुढचाच हप्ता दुप्पट झाला. पॉलिसी बंदच करायची, असं ठरवून मी तणतणत सोलापूरच्या विमा कचेरीत गेलो.

बाकावर शेजारी एक पटकेवाला म्हातारा मेंढपाळ बसला होता. पुरात मेलेल्या मेंढरांच्या कानातले पिवळे बिल्ले त्याच्या मांडीवरच्या रुमालात होते. ते जमा केल्याशिवाय विम्याचे पैसे मिळत नाहीत. एकेक बिल्ला तो अंगठ्यानं पुसून, नातवाचं तोंड पुसावं तसा, परत ठेवत होता.

माझी कुरकुर ऐकून त्यानं विचारलं, "तुमच्यात पानी कुटवर आलं हुतं?"

मी गुडघा दाखवला. तो उठून उभा राहिला आणि त्यानं छातीवर हात ठेवला.

"आमच्यात हितवर. घर बसलं की. मेंढरांना बिल्ले मारले सायेब, घराला मारायचं राह्यलं."

मग खाली बसत म्हणाला, "पान्याला आता तुमच्या घराची वाट म्हाईत झालीया. हप्ता भरा."

मी भरला, कुरकुरतच. त्याचं नाव विचारायचं सुचलंसुद्धा नाही.

यंदा पाणी परत आलं आणि मागची भिंत घेऊन गेलं. विम्याच्या पैशांतून ती आता पुन्हा उभी आहे. हप्ता मला अजूनही महागच वाटतो. पण नुकसानीच्या पाहणीला आलेल्या विमा साहेबांनी "पाणी कुठवर होतं?" असं विचारलं, तेव्हा मी छातीवर हात ठेवला, आणि हात तिथून लवकर निघेना.