नापास विमानांचे मामा

कुठल्याही देशाच्या सैन्याने एखादं परदेशी विमान विकत आणून, चार दिवस उडवून, नाक मुरडून बाजूला ठेवलं असेल, तर त्या विमानाची बाजू घेऊन भांडणारा माणूस साऱ्या पृथ्वीवर एकच होता, आणि तो नेमका माझ्या होणाऱ्या बायकोचा मामा निघाला. माझं नशीब हे असंच आहे.

मी कोल्हापूरचा. अठ्ठ्याण्णव साली सरकारी कारकुनीत बदली होऊन रत्नागिरीला आलो आणि वर्षभरात भाट्याकडच्या एका शाळेतल्या मास्तरीणबाईंच्या प्रेमात पडलो. त्यांची हरकत नाही, हेच मला कितीतरी दिवस खरं वाटत नव्हतं. तिचे वडील ती तीन वर्षांची असतानाच गेले. तेव्हापासून मायलेकींना सांभाळलं ते या मामांनी, आणि त्या नादात स्वतःचं लग्न करायचं राहूनच गेलं. तिच्या आईने मला पहिल्याच चहाबरोबर सांगून टाकलं, "माझं काही नाही हो. दादा हो म्हणाला की झालं." मी मनात म्हटलं, हात्तिच्या! एका म्हाताऱ्याला खूश करायला असा किती वेळ लागणार? सात महिने लागले.

मामा आयटीआयमध्ये फिटरची पोरं घडवून निवृत्त झालेले. अंगाने सुपारीच्या झाडासारखे सरळ आणि सडपातळ, खिशाला सदैव एक पेन्सिल आणि छोटी वही. मिरकरवाड्यातला त्यांचा एक खलाशी दोस्त बंदराबंदरांतून विमानांची जुनी मासिकं आणून द्यायचा. ती वाचून वाचून दोन महायुद्धांच्या मधल्या वीस वर्षांत मामा कायमचे राहायला गेले होते. त्यातही त्यांचा जीव एकाच जातीच्या विमानांवर. कुणी फ्रान्सकडून दोन घेतली, कुणी इंग्लंडकडून एकच घेतलं, घेऊन पाहिलं, आपल्या विमानाशी लढवून पाहिलं आणि 'नको' म्हटलं, अशी लढाऊ विमानं. आंब्याच्या पेट्यांच्या फळ्या तासून त्यांनी या सगळ्या मंडळींच्या प्रतिकृती केल्या होत्या आणि त्या ओटीच्या वाशांना टांगल्या होत्या. जरा उंच माणूस घरात शिरला की कपाळाला जपानी आरमाराने नाकारलेलं काहीतरी लागायचंच. मला तर तीनदा लागलं.

दुसऱ्या भेटीला मी अक्कल पाजळली. पुण्याच्या मित्राकडून एका जगप्रसिद्ध लढाऊ विमानाचं मॉडेल मागवलं आणि गुलाबी कागदात गुंडाळून मामांपुढे ठेवलं. मामांनी कागद सोडला, विमान उलटसुलट केलं आणि हळूच माझ्या मांडीवर परत ठेवलं. "हे पास झालेलं हो! याला सगळं जग ओळखतं. आमच्याकडे कशाला आणलंत बिचाऱ्याला?" आतून खुदकन हसण्याचा आवाज आला. तो आवाज कुणाचा हे मला माहीत होतं, म्हणून अधिकच झोंबला.

मग मामांनी वही काढली. "विमान कसं, कागदावरच्या माहितीवर घेत नाहीत. चाचणी घ्यावी लागते," ते म्हणाले. "चढाई, पल्ला, वळण, उतरणं. तुमची हरकत नाही ना?" मी छाती काढून म्हणालो, "बिनधास्त घ्या!" कोल्हापूरच्या माणसाला छाती काढायला फारसं निमित्त लागत नाही.

चढाईसाठी मला डोक्यावर वीस नारळांचं पोतं देऊन भगवती किल्ल्यावर नेलं. मामा पुढे शीळ घालत, मागे मी, आणि माझ्या मागे घरंगळत जाणारे नारळ. वर पोचलो तेव्हा पोत्यात सात उरले होते. पल्ला म्हणजे एका चहावर माणूस किती तास टिकतो ते. सकाळी सातला चहा दिला आणि बागेत कलमांना आळी करायला लावलं. साडेदहाला मला दोन दोन मामा दिसायला लागले. वळणाच्या चाचणीत त्यांच्या जुन्या स्कूटरवर मागे त्यांनाच बसवून बाजारातून जायचं होतं. मी तोल सांभाळला, मामांना सांभाळलं, पण समोरचा फणसांचा ढीग माझ्या हिशेबात नव्हता. फणसवालीने माझ्या सात पिढ्यांची चौकशी केली, आणि मामा फणसांत बसल्या बसल्या वहीत काहीतरी लिहीत राहिले. जेवणाचीही चाचणी होती, ती मला आधी सांगितलीच नव्हती. पेडव्याच्या काटेरी मासळीचं तिखलं वाढलं. मी तांबड्या रश्श्याच्या सवयीने ओरपलं, आणि घशात असा काटा अडकला की डोळ्यांसमोर थेट पंचगंगेचा स्मशानघाट आला. तिने कोरड्या भाताचा गोळा गिळायला लावला म्हणून वाचलो.

उतरण्याची चाचणी जयगडच्या खाडीत झाली. गुहागरला नातेवाइकांकडे जायचं होतं. लाँच तवसाळला लागायच्या आत मी, तिच्या देखत, रुबाबात उडी मारली आणि गुडघ्यापर्यंत चिखलात रुतलो. दोन खलाशांनी उपसून काढलं. एक चप्पल अजून तिथेच आहे. मामा लाँचमधून वाकून म्हणाले, "चाकं आत गेली की हो!"

असे सात महिने. दर रविवारी नवी चाचणी, दर रविवारी नवा दोष. कधी माझा आवाज फार, कधी माझं चालणं डावीकडे ओढतं. निकाल काही लागेना. मी रडकुंडीला आलो होतो. घरून आईची पत्रं येत होती, 'ठरलं का, की दुसरी बघू?'

शेवटी चैत्रातल्या एका संध्याकाळी मी ओटीवर बसकण मारली. मामा एका जर्मन विमानाला रंग देत होते. अंगणात ती वाळत घातलेली आमसुलं गोळा करत होती. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "मामा, हे का नापास झालं?"

"जपान्यांनी घेतलं होतं. त्यांच्या विमानापेक्षा पुष्कळ वेगवान हो. पण वळणात मार खाल्लान, असं लिहिलंय."

"पण वेगवान होतं तर घ्यायचं की! वळायला शिकले असते हळूहळू."

मामांचा ब्रश थांबला. "शिकले असते," ते म्हणाले. "पण चाचणी घेणारे सगळे जुन्या विमानावर वाढलेले. त्यांना आपलं सोडवेना. सोडवेना म्हणजे मग दोष दिसतात माणसाला. एक काढला की दुसरा सापडतो." आणि ते अंगणाकडे बघत राहिले.

मी बघितलं ते कुठे बघताहेत ते. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. पहिल्याच भेटीत मी फुशारकी मारली होती, "दोन वर्षांत कोल्हापूरला बदली करून घेतो बघा, घर आहे आपलं तिकडं!" ती मला माझी सगळ्यात जमेची बाजू वाटली होती. आणि हा माणूस त्या दिवसापासून वही-पेन्सिल घेऊन एकेक रविवार लांबवत होता. सात महिने मला वाटत होतं की चाचणी माझी चालली आहे. माझ्याएवढा गाढव पंचगंगेपासून भाट्याच्या खाडीपर्यंत सापडायचा नाही.

"मामा," मी म्हटलं, "नको असेल तर राहू दे."

"छे हो!" ते दचकून म्हणाले. मग वही मिटून खिशात घातली, नाक शिंकरलं आणि मोठ्याने ओरडले, "अगो, ऐकलंस काय? यांना गोडाचं कर काहीतरी. पास आहेत!" अंगणात आमसुलांचं सूप तिच्या हातातून पडलं.

लग्न वैशाखात झालं. माझ्या बदलीचा हुकूम अपेक्षेआधीच आला होता, म्हणून तिसऱ्या दिवशी आम्ही कोल्हापूरच्या एसटीत बसलो. मामांनी तिची ट्रंक स्वतः टपावर चढवली, कुणाला हात लावू दिला नाही. खिडकीशी येऊन तिला म्हणाले, "खिडकी उघडी ठेव हां. आंबा घाटात मळमळतं तुला." मला म्हणाले, "लिंबू ठेवलंय पिशवीत." एवढंच. बाकी सगळं बोलायला त्यांना सात महिने होते आणि ते त्यांनी माझे दोष काढण्यात घालवले होते.

गाडी वळली. ती रडत होती म्हणून मीच मागे वळून बघितलं. स्टँडवरची सगळी माणसं हलली होती, मामा तेवढे तिथेच होते, हात खाली घ्यायचा राहून गेलेला. सात महिने मी देवाला एकच मागत होतो, मला पास कर म्हणून. त्या क्षणी मला मनापासून वाटलं, आपण नापास व्हायला हवं होतं. मग मी पिशवीतलं लिंबू काढून तिच्या हातात दिलं.