कष्टाच्या बक्षिसाचे मानकरी

वरवंडच्या शाळेतले आम्ही जुने सोबती भेटलो की चहा थंड होतो आणि किस्से फिरून फिरून माझ्यावरच येतात. येणारच! बाकीच्यांनी अभ्यास केला, आठवणी तेवढ्या मी पुरवल्या.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यानंतरची गोष्ट. हेडसरांनी प्रार्थनेनंतर जाहीर केलं, "यंदा गॅदरिंगला मोठं बक्षीस मार्कांना नाही, कष्टाला!" मला हायसं वाटलं. घरी आप्पांनी आधीच दम भरला होता, "औंदा कायतरी करून दाखव, न्हाईतर शाळा बंद. गुऱ्हाळावर ये." मार्कांची आशा नव्हतीच, घाम मात्र भरपूर होता.

*

दुसऱ्या दिवसापासून अख्खा वर्ग कष्टाळू झाला. फळा तर इतका पुसला की त्याचा काळा रंगच निघाला. गणिताचे साळवे गुरुजी म्हणाले, "आता मी कोळशानं लिहू का?"

*

मी कष्टासाठी शाळेमागचं पपईचं झाड धरलं. सकाळ-संध्याकाळ बादल्या ओतल्या, पाऊस असला तरी ओतल्या. दुष्काळात तगलेलं झाड कुजून आडवं झालं. हेडसरांनी विचारलं, "कशानं मेलं रे?"

"कष्टानं, सर."

*

शांता वर्गात पहिली यायची. पहाटे जनावरांना घास कापायची, मग वाडीवरून चालत शाळेत. मी तिला म्हटलं, "तू का नाव देत न्हाईस बक्षिसाला?"

"कशाचं बक्षीस? ही तर रोजचीच कामं हायती."

मला खरंच लाज वाटली. बादली शिपाईमामांना परत करून टाकली.

*

मग साळवे गुरुजी मला शाळा सुटल्यावर थांबवून घ्यायला लागले. अपूर्णांक डोक्यात शिरेनात, म्हणून त्यांनी एकदा गुळाचा खडा आणला. अर्धा केला, पाव केला आणि फळ्यावर लिहायला वळले. "सांग, आता उरला किती?"

"कायच न्हाई, गुरुजी."

गणितातलं माझं ते पहिलं बरोबर उत्तर.

*

सहामाहीत गणितात पस्तीस पडले. गॅदरिंगला आप्पा फेटा बांधून पुढच्या रांगेत बसले. हेडसर म्हणाले, "यंदाचं कष्टाचं बक्षीस..." मी उठून उभाच राहिलो.

"...साळवे गुरुजींना. ह्या पोराला त्यांनी गणितात पास केलं."

सगळा मांडव हसायला लागला. खाली बसावं की पळावं, मला कळेना.

आप्पा हसले नाहीत. स्टेजवर चढले, स्वतःचा फेटा उतरवून गुरुजींच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, "म्होरल्या सालचं बक्षीसबी तुमचंच, गुरुजी."