रिकामा डिफरेन्शियल आणि वैशूच्या कळा

परवा सकाळी मी आमच्या अंगणात जीपखाली आडवी पडले होते... आणि माझी लहान बहीण वैशू ओसरीवर पोट धरून उभी होती.

आमचं गाव चामोर्शीपासून जरा आत. मी शाळेत शिकवते, जुनी जीप स्वतः चालवते आणि तिचं तेलपाणीही स्वतःच बघते. गावाला आता सवय झालीय, फक्त शेजारचे सोनबाभाऊ सोडून.

पावसाळाभर ही जीप नाल्याच्या पाण्यातून शाळेत गेली. मागच्या दोन चाकांच्या मधे डिफरेन्शियलचा लोखंडी गोळा असतो, चाकं फिरवणारे दाते त्याच्या आत. त्यात पाणी शिरलं की आतलं ऑइल दुधाच्या चहासारखं दिसायला लागतं.

वैशू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. कळा सुरू झाल्या की थेट गडचिरोलीला आणा, असं डॉक्टरांनी बजावलेलं... म्हटलं, त्याआधी गाडी ठणठणीत करून ठेवू. तारखेला अजून वेळ होता.

त्या गोळ्याचा खालचा नट खोलला, तर खरंच चहा बाहेर आला. मी खूश! सगळं निथळू दिलं, तो नट परत घट्ट बसवला आणि नवीन ऑइल भरायला वरचा नट खोलायला गेले... तो हलेचना. नाल्याच्या पाण्यानं गंजून बसलेला. पान्याला पाइप लावून जोर केला तर तो सटकला आणि नटाचे कोपरेच गोल झाले.

हे काम करणारा कुणीही सांगेल, आधी भरायचा नट सैल करून बघायचा, मगच खालचा उघडायचा. मला माहीत नव्हतं असंही नाही. घाई नडली, दुसरं काय!

आणि तेवढ्यात वैशूचा आवाज... "ताई, मले काही बरोबर वाटून नाई राह्यलं."

माय धावत बाहेर आली. अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावला, तर ती दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली, यायला वेळ लागणार होता. धान कापणीचे दिवस, ट्रॅक्टर सगळे शेतात. गावातली दुसरी गाडी सोयरीक बघायला मुलचेऱ्याला गेलेली.

ऑइलशिवाय जीप काढली तर आतले दाते एकमेकांना खाणार आणि गाडी रस्त्यातच अडकणार... जंगलात, वैशूला घेऊन.

सोनबाभाऊ कुंपणावरून बघत होते. "बाई, मी म्हनत होतो ना, मिस्त्री बोलाव. आता काऊन खोलली?" त्यांचं काही चुकत नव्हतं, म्हणून तर जास्त राग आला.

परत खाली शिरले. तेव्हा अ‍ॅक्सलच्या वरच्या अंगाला ब्रीदर दिसला. आतली गरम हवा बाहेर पडायला असतो तो. तो काढला तर छोटंसं भोक मोकळं होतं... तिथून तेल आत जाऊ शकतं!

"भाऊ, फवारणीच्या पंपाची कोरी नळी आहे का?" ते तसेच घरात गेले आणि नळी घेऊन आले.

नळी बसली, वर नरसाळं लावलं. किती भरायचं त्याची खूण मिस्त्रीनं कॅनवर आधीच करून दिली होती. पण थंडीनं ऑइल काकवीसारखं झालेलं, नळीत उतरेचना. थेंब... मग परत थेंब... मी रडकुंडीला आले.

मायच्या खांद्याला धरून कळ सोसणारी वैशू तिथूनच ओरडली, "ताई, गरम करून पाह्य ना ते! थंडीत खोबऱ्याचं तेल नाई करत का आपण?"

मायनं वैशूच्याच आंघोळीसाठी चुलीवर ठेवलेला गरम पाण्याचा गंज, ते मोठं पातेलंच, उचलून आणला. मी कॅन त्यात बुडवून हलवत राहिले... आणि मग तेलानं धार धरली. नरसाळं सोनबाभाऊंनी धरलं होतं, आणि ते तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेत होते.

खुणेपर्यंत तेल गेलं तशी ब्रीदर लावला आणि निघालो. वैशू मागे, मायच्या मांडीवर डोकं ठेवून. मी एक कान मागच्या चाकांकडे लावून चालवत होते.

कळ ओसरली की वैशूच विचारायची, "आवाज येऊन राह्यला का, ताई?"

"नाई."

एकदा बारीक घूंऽऽ ऐकू आला. रस्त्याचा होता की गाडीचा, देव जाणे. तेव्हाही मी "नाई"च म्हटलं. स्टिअरिंग मात्र घामानं हातातून निसटत होतं.

दुपारी गडचिरोलीच्या दवाखान्यात मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. जीपही बरी आहे... मिस्त्रीनं वेल्डिंग करून तो नट काढला, आतले दाते शाबूत निघाले.

संध्याकाळी वैशूजवळ बसले होते. विचारलं, "तुले भीती नाई वाटली, तसल्या गाडीत बसायची?"

"वाटली ना. मले वाटलं, आता बाळ रस्त्यातच होते. पन तू दरवेळी नाई म्हनत होती... मंग मी फक्त माह्या कळा पाह्यल्या."

मी बाळाच्या अंगावरचं दुपटं उगाच सारखं करत बसले.

वैशू, तू हे वाचशील तेव्हा कळेल... आवाज आला होता गं. रागावू नको. आणि तेल गरम करायला सांगितलंस, त्याचे उपकार तुझी ताई जन्मभर विसरणार नाही.