जावईबापूंची प्रश्नमंजुषा

शनिवार, १४ जून. सकाळी पाण्याची टाकी धुऊन घेतली. दुपारी जावयांच्या खेळाची चाचणी.

आमचे जावई फार हुशार आहेत, हे मला पहिल्यांदा त्यांनीच सांगितलं. विमा कंपनीतली चांगली चाललेली नोकरी सोडून वर्षभर ते माझ्या मागच्या खोलीत ऑनलाइन प्रश्नमंजुषा तयार करत होते. ज्याने त्याने आपापल्या फोनवर खेळायचं; बरोबर उत्तर जितकं लवकर, तितके गुण जास्त. बटणांचा निळा रंग ठरवण्यातच अख्खा उन्हाळा गेला.

लेकीने शेवटी अट घातली: इथल्या हेडमास्तरांनी शाळेसाठी खेळ विकत घेतला तर ठीक, नाहीतर सोमवारपासून ऑफिस. विमा कंपनीतल्या साहेबांनी त्यांची जागा अजून भरली नव्हती.

हेडमास्तर सोफ्यावर, आम्ही मायलेकी खुर्च्यांवर, आणि विहीणबाई, म्हणजे जावयांच्या मातोश्री, चष्मा शोधत. पहिल्याच प्रश्नाला हेडमास्तरांना नव्वद गुण मिळाले, मला चाळीस, आणि विहीणबाईंना बेचाळीस हजार.

"आई, काय केलंस तू?" जावई म्हणाले.

"उत्तर दिलं. चुकलं का?"

"प्रश्न यायच्या सात मिनिटं आधी दिलंस!"

"मग? मला आधीपासूनच येत होतं."

हेडमास्तरांना एकाएकी खोकला आला.

उलगडा लेकीने केला. विहीणबाईंचा फोन बादलीत पडल्यापासून त्याचं घड्याळ सात मिनिटं मागे चालतं, आणि उत्तर किती वाजता आलं हे जावयांचा खेळ ज्याच्या त्याच्या फोनलाच विचारत होता.

"अरे, पळणाऱ्याच्याच हातात घड्याळ दिलंस की!" ती म्हणाली.

"किरकोळ बाब आहे. आईला वगळून खेळू."

"आमच्या पोरांना ही किरकोळ बाब मधल्या सुट्टीच्या आत कळेल," हेडमास्तर म्हणाले. चहा मात्र संपवूनच उठले. विहीणबाई त्यांच्यामागे दारापर्यंत गेल्या. "अहो, पण पहिला नंबर कुणाचा, ते सांगून जा की!"

जावयांनी मागच्या खोलीचं दार लावून घेतलं. थोड्या वेळाने ते साहेबांशी फोनवर बोलताना ऐकू आले. वर्षभरात पहिल्यांदाच त्यांच्या बोलण्यात 'दूरदृष्टी' हा शब्द आला नाही.

संध्याकाळची नोंद: जावयांचे पांढरे शर्ट इस्त्रीला दिले. एकाचं बटण तुटलं होतं, ते लावलं.