निझव्याच्या किल्ल्यातली काकवी

इथले भुताखेतांचे अनुभव मी दोन वर्षं नुसते वाचतोय, आणि खरं सांगतो, बऱ्याच वेळा हसलोय. आमच्या घराण्यात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. केमिस्ट्रीत बीएस्सी, फर्स्ट क्लास. गावात कुणाला 'बाहेरचं लागलं' की मी म्हणायचो, आधी डॉक्टरकडे न्या. आजही तेच म्हणतो. तरी लिहितोय.

अठ्ठ्याण्णव सालचा जानेवारी. मी तेव्हा मस्कतला एका पेंट कंपनीच्या लॅबमध्ये होतो, राहायला अल हैलला. धाकटा भाऊ विलास तीन महिन्यांपूर्वीच आला होता, वेल्डर म्हणून. माझं कॉलेज चालावं म्हणून ह्याने शाळा सोडली होती. त्यामुळे त्याचा व्हिसा मीच खटपट करून काढला, आणि निघताना आईला शब्द दिला – जसा नेतोय तसा परत आणीन.

शुक्रवारची सुट्टी. सकाळी गाडी काढली आणि पावणेदोन तासांत निझव्याला. निझवा एके काळी ओमानची राजधानी, इमाम ह्याच किल्ल्यात बसून राज्य करायचे. मधोमध प्रचंड गोल बुरूज. वर जायला एकच अरुंद, वळणावळणाचा जिना, प्रत्येक वळणावर जाड लाकडी दरवाजा आणि दरवाजाच्या बरोबर वर छतात एक फट.

खालच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याला हिंदी चांगलं येत होतं. फटीकडे बोट दाखवून म्हणाला, "दुश्मन इधर आता, ऊपर से खजूर का शीरा डालते. उबलता हुआ."

"म्हणजे काकवी," विलास मला म्हणाला. "वाया घालवली की रे."

वर आम्ही दोघंच चढलो. दुसऱ्या दरवाजापाशी विलास बुटाची नाडी बांधायला थांबला, मी पुढे गेलो. वरच्या टप्प्यावर ती फट पायाशीच दिसली. वाकून पाहिलं तर बरोबर खाली विलासचं डोकं.

"काय रे, दुश्मना," मी म्हटलं.

त्याने वर पाहिलं. "ओत काय ओतायचंय ते. एवढा शिकलास, नेम तरी लागतो का बघू."

आणि मग त्याने ते केलं. आमच्याकडे गडावर गेलं की आरोळी द्यायचीच, लहानपणापासूनची सवय. मी गाडीत बजावलं होतं, परका मुलूख आहे, इथे नको. पण गडी रंगात आला होता. छाती भरून ओरडला – "हर हर महादेव!"

तो आवाज जिन्यात घुमला... आणि एकदम माझ्या हातांना वजन लागलं. भांड्याचे कान, फडक्यात धरलेले, तरी तळवे भाजत होते. दोन्ही बाजूंनी माणसं खेटून उभी, घामाचा वास, कुणाचं तरी कोपर माझ्या बरगडीत. जळक्या गुळाचा दर्प. आणि माझ्या आत इतका राग होता की दात एकमेकांवर घासत होते. मी भांडं कलतं केलं.

खालून विलासची किंकाळी आली. तशी किंकाळी मी जनावराचीही ऐकलेली नाही.

दुसऱ्या क्षणी मी एकटा होतो. हात रिकामे, तळवे स्वच्छ.

धावत उतरलो. विलास पायरीवर आडवा, पाय झाडत होता. मान, डावा खांदा आणि अर्धा दंड सोललेला. शर्ट कातडीला चिकटला होता, मी ओढला तर कातडीच हातात आली. त्यावर तपकिरी, चिकट, अजून वाफाळणारं काहीतरी.

पहारेकरी धापा टाकत आला. बोटाने ते टिपलं, हुंगलं, आणि त्याचा चेहरा उतरला. "मेरे बाप के टाइम से शीरे का कोठार खाली है," एवढंच बोलला. मग मला ढकलत म्हणाला, "मुस्तश्फा, हॉस्पिटल. यल्ला, यल्ला."

हॉस्पिटलात केरळी नर्सने विचारलं, कसं भाजलं? मी तोंड उघडायच्या आत विलासच म्हणाला, "गाडी का रेडिएटर खोला." तिने जखमेवरचा चिकटा पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि तसंच लिहून घेतलं.

अठरा दिवस तो तिथे होता. पाचव्या दिवशी, ड्रेसिंग बदलून नर्स गेल्यावर हळूच म्हणाला, "दादा, माझं काय चुकलं?"

"माझ्या हातात काही नव्हतं, विलास. आईशप्पथ."

"मी बघितलं ना. तू हसत होतास."

त्यानंतर त्याने तो विषय आजपर्यंत काढलेला नाही. आईलाही रेडिएटरच सांगितलं. दोन वर्षांनी तो कायमचा गावी गेला. डावा हात अजून पूर्ण वर जात नाही. मी गावी गेलो की तोच स्टँडवर न्यायला येतो, फक्त बॅग घेऊन माझ्या मागून चालतो. पुढे कधीच नाही.

मी केमिस्ट्रीचा माणूस. उकळता पाक पाण्यापेक्षा जास्त का भाजतो ते सांगू शकतो. पण तिथे चूल नव्हती, भांडं नव्हतं, थेंबभर पाक नव्हता. कुठून आला, मला आजही माहीत नाही. बायकोला मी सांगतो की त्या क्षणी शुद्धच हरपली होती, आपण कोण, खाली कोण, काही कळत नव्हतं.

ते खोटं आहे. खाली विलास आहे हे मला कळत होतं.