अक्काच्या दारातला भोंगा

लातुरातल्या निम्म्या डॉक्टरांना डॉक्टर मी केलंय. म्हणजे त्यांच्या क्लासच्या जाहिराती मी ओरडलो. मी स्वतः चौथीत दोनदा बसलो, तिसऱ्यांदा गुरुजींनीच हात जोडले.

माझा धंदा भोंग्याचा. ऑटोच्या टपावर दोन भोंगे, सीटखाली बॅटरी आणि मशीन, हातात माईक. ॲडमिशनच्या दिवसांत सकाळी निघायचं आणि घसा बसेपर्यंत फिरायचं. आता लोक पेन ड्राईव्हवर रेकॉर्डिंग लावतात. आपलं तसं न्हाई, आपण समोरचा माणूस बघून बोलणार. ह्या धंद्यात एकच गोष्ट शिकायची असती. माणसाला वाटलं पाहिजे की आपलं काहीतरी हुकायलंय. 'मोजक्याच सीटा राहिल्यात, आजच या, जल्दी या.' सीटा कधीच संपत नसत्यात. पण बाप लोक पळत येतात.

कोरोनात क्लासला कुलपं लागली. पोरं गावी गेली, मेस बंद, लातूर असं गप झालं की माझा ऑटो चालला तर मलाच दचकायला व्हायचं. तेवढ्यात किल्लारीकडच्या एका आरोग्य केंद्रातून बोलावणं आलं. तिथल्या डॉक्टर मॅडम म्हणल्या, लस आलीय, लोक येत नाहीत, गावोगाव फिरून सांगायचं. मी म्हणलं, मॅडम, हे माझ्यावर सोडा. ह्या आवाजानं लोकांनी पोरं घातलीत क्लासला, सुईला दंड पुढं करणं काय चीज हाय.

पहिलंच गाव भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं. रुंद रस्ते, एकसारखी घरं, रांगेत. माझी थोरली बहीण, अनुसया अक्का, त्याच गावात राहते. भूकंपात दाजी गेले. तेव्हापासून एकटीनं पोरगी वाढवली, लग्न करून दिली, आता शाळेत खिचडी शिजवते. पक्कं घर हाय, पण अक्का त्यात झोपत न्हाई. दारापुढं पत्रा टाकलाय, त्याखाली बाज. घराचं दार उन्हाळा-पावसाळा सताड उघडं. त्या गावात असे लई जण हायेत. एवढ्या वर्षांत छताचा भरोसा आलेला न्हाई.

अक्काला शुगर. आणि तिच्या शेजारचे तुकारामकाका आठवड्यापूर्वी खोकत खोकत लातूरच्या दवाखान्यात गेले, ते परत आलेच न्हाईत. प्लॅस्टिकात गुंडाळून तिकडंच अग्नी दिला. भाचीचा, सुमीचा, निलंग्याहून रोज फोन. "मामा, आईला शेजारची कणकण लागली तर ती न्हाई टिकणार. तेवढी लस देऊन टाका तिला." मी म्हणलं, सुमे, तुझी आई पहिल्याच दिवशी पहिल्या नंबरला. असलं बोलायला माझ्या जिभेला वेळ लागत न्हाई.

शाळेत सिस्टर बसल्या. लशीच्या एका बाटलीत दहा जणांचं औषध असतं. बाटली एकदा फोडली की काही तासांत संपवायची, न्हाईतर फेकायची. म्हणून माणसं जमल्याशिवाय सिस्टर बाटली फोडायला भितात. मी सकाळपासून गल्ल्या फिरलो. चार जण आले. त्यातले दोघं ग्रामपंचायतीचे.

मॅडमचा फोन आला. "किती झाले?"

"मॅडम, आवाज कमी पडायलाय. तिसरा भोंगा लावू का?"

"लावा. काहीही करा. माझ्याकडं बेड नाहीत आता."

मी आवाज वाढवला आणि सवयीनं क्लासचं सगळं ओतलं. 'लशी संपत आल्यात, मोजक्याच राहिल्यात, घेतल्यावर काहीच होत न्हाई, लवकर या, जल्दी या.' बोलता बोलता कुठंतरी तोंडून गेलं, 'मुलींसाठी वेगळ्या हॉस्टेलची सोय.' पंचवीस वर्षं तेच बोलायलो, जीभ आपोआप तिकडं वळली. मला मालूमबी न्हाई. दुपारपर्यंत गावात बोभाटा झाला की लस दिल्यावर बायकांना गाडीत घालून तालुक्याला हॉस्टेलवर नेऊन ठेवायलेत. त्या दिवसांत माणसं उचलून क्वारंटाईनला कोंडून ठेवायचेच, त्यामुळं लोकांनी लगेच खरं धरलं. ज्या दोन बायका शाळेकडं निघाल्या होत्या त्या अर्ध्यातनं माघारी फिरल्या. सिस्टरनं मला हात जोडून सांगितलं, नामदेवभाऊ, थोडा वेळ चहा प्या. मी चहा पिला आणि पुन्हा निघालो.

अक्का आलीच नव्हती. म्हणलं, हिला जरा हसवावं, हसली की येईल. ऑटो तिच्या दारासमोर लावला आणि माईक घेतला. "अनुसयाबाई, तुमची लस तुमची वाट बघायलीय. शेवटची संधी. लवकर या, संपायलीय."

अक्का पत्र्याखाली ज्वारी निवडत बसलती. तिनं माझ्याकडं बघितलं न्हाई. सूप खाली ठेवलं, उठली, घरात गेली आणि दार लावून घेतलं.

माझ्या हातातला माईक तसाच राहिला. त्या बाईनं भूकंपापासून दार लावलेलं मी बघितलं नव्हतं. मी मशीन बंद केलं.  वाटलं, आत काही करून घेतलं तर. मी दाराजवळ जाऊन हाका मारल्या. अक्का. अगं अक्का. दाराच्या फटीतनं फक्त कपड्याची सळसळ.

लई वेळानं आतनं आवाज आला. "भोंगा बंद केलास का?"

"केला."

"वायर काढ."

मी वायर काढून दाराच्या फटीसमोर धरली. दिसली असंल न्हाईतर नसंल. मग ती दारामागूनच बोलली. मी उंबऱ्यावर बसलो.

"भूकंपाच्या दुसऱ्या दिवशी तुझ्या दाजीला मातीतनं काढलं. चादर टाकून ठिवलतं. मी जवळ बसलते. सुमी भुकेनं वरडायली. तेवढ्यात जीप आली, वर भोंगा. मैदानात या, ब्रेड वाटायलेत, लवकर या, संपायलंय. मी म्हणलं, पोरीला घास घालून येते. रांगेत लई ढकलाढकली. ब्रेड घेऊन परत आले तर चादर बी न्हाई अन तुझे दाजी बी न्हाईत. पाऊस पडायलता, मढ्यांचा ढीग लागलता, त्यांनी समद्यांना एकदम नेऊन आग लावलती. त्यांचं चुकलं म्हणत न्हाई मी. पण मला तोंड बघायचं हुतं. तू आज सकाळी गावात आलास तवापासून तेच म्हणायलास. लवकर या, संपायलंय."

दाजींना एकत्र आग दिली हे मला माहीत होतं. ती ब्रेडच्या रांगेत होती हे न्हाई. मी म्हणलं, अक्का, मला कधी बोललीस का न्हाई.

"काय बोलू. तू दुसऱ्याच वर्षी भोंगा घेतलास. पोटाचं साधन. तुकारामाच्या बायकोला बी तोंड दिसलं न्हाई बघ. ती बी येणार न्हाई तुझ्या शाळेत. ह्या घरांच्या रांगेतलं कुणीच येणार न्हाई. भोंगा बोलवतो तवा घर सोडून जायचं न्हाई, एवढं आम्हाला कळतंय."

मला वाटायचं, अक्काला माझ्या धंद्याची लाज वाटते. दर दिवाळीला ती म्हणायची, ऑटो गल्लीच्या तोंडाला लाव. मी म्हणायचो, बाईला मोठ्या लोकांत बसायची हौस.

आरोग्य केंद्रात गेलो. मॅडमना म्हणलं, उद्यापासून भोंगा बंद.

"मग तुम्हाला बोलावलंय कशाला?"

"सिस्टरला आणि लशीच्या डब्याला ऑटोतनं न्यायला. ड्रायव्हर म्हणून ठेवा."

मी जसं ऐकलं तसं सांगितलं. मॅडम लातूरच्याच, क्लासमधनं शिकलेल्या. त्यांच्या वेळंलाबी भोंगा माझाच असणार. त्यांनी समोरचं रजिस्टर मिटलं. म्हणल्या, "आम्ही समजत होतो यांना लशीची भीती आहे." मग सिस्टरला बोलावून सांगितलं, उद्या बाटली फोडायची घाई नको, आधी नुसतं जाऊन बसा.

दुसऱ्या दिवशी सिस्टर अक्काच्या पत्र्याखाली बसल्या. मास्क लावून, लांब. रांगेतल्या पाच-सहा बायका आपापल्या ओट्यावरनं ऐकायल्या. मला वाटलं विचारतील, लशीनं माणूस मरतो का, मूल होत न्हाई का. मोबाईलवर जे फिरायलं होतं ते. तसं कुणी विचारलं न्हाई. तुकारामकाकांच्या बायकोनं विचारलं, "ताप आला तर कोण येतंय?"

सिस्टर म्हणल्या, "मी येते. माझा नंबर घ्या."

"नेणार कुठं?"

"कुठंच नाही. घरातच राहायचं. अंग दुखतं, ताप येतो, दोन दिवसांत उतरतो."

अक्का माझ्याकडं वळली. "तुला आलता का रे?"

गावं फिरायच्या आधी मॅडमनी मला लस टोचलती. खरं तर मला असा ताप आलता की बायकोला बसवून मी वाटणी सांगितलती. मालमत्ता म्हणजे एक ऑटो. ती म्हणली, भोंगा मला नको, तेवढा बरोबर घेऊन जा. मी हे सगळं सांगितलं. बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

अक्का हसली न्हाई. "मग भोंग्यावर कामून सांगायलास, काहीच होत न्हाई म्हणून?"

 सिस्टर म्हणल्या, नामदेवभाऊंचं चुकलं. त्या चुकलं म्हणल्या तसं ओट्यावरच्या दोघीतिघी खाली उतरून जवळ येऊन बसल्या. का, ते मला आजबी नीट सांगता येत न्हाई. अक्कानं शेवटी एवढंच विचारलं, मनात आलं तर कधी यायचं. सिस्टर म्हणल्या, परवा मी दिवसभर शाळेत आहे. तुमच्या सवडीनं या. तुमच्यासाठी राहील.

परवाचा दिवस माझा लई वाईट गेला. ऑटो शाळेच्या भिंतीला लावला आणि आत बसलो. सकाळी कुणी न्हाई. सिस्टर डबा उघडून बर्फ बघायच्या, पुन्हा झाकायच्या. सुमीचा फोन आला, आईला खोकला सुरू झालाय काय, आवाज बसल्यासारखा वाटला. मी म्हणलं धूळ असंल. मला खरंच माहीत नव्हतं. माझा हात दोनदा माईककडं गेला. एवढा मोठा आवाज जवळ असून गप बसायचं म्हणजे ताटावर बसून उपास धरल्यासारखं झालतं. तिसऱ्यांदा मी माईक सीटखाली घातला आणि वरनं टॉवेल टाकला.

उन्हं कलायला लागली तेव्हा तुकारामकाकांची बायको आली. तिच्यामागं दोघी. मग एक म्हातारा, दोन तरणी पोरं, आणखी बायका. कुणी घाई करायलं नव्हतं. सिस्टरनं मोजून बघितलं आणि बाटली फोडली. अक्का न्हाई. मी रस्त्याकडं बघत बसलो. बाटलीत एकाचं औषध राहिलं तेव्हा ती आली. नवं लुगडं नेसून, चालत, एकटी. माझ्या ऑटोजवळ थांबली आणि टपावरच्या भोंग्याकडं बघितलं. मी लटकणारी वायर दाखवली. मग ती आत गेली.

तिला ताप आला. सिस्टर दुसऱ्या दिवशी खरंच गेल्या. खोकला धुळीचाच निघाला. त्या रांगेतली बरीच घरं त्या महिन्यात आली. सगळी न्हाई आली. एका घरानं शेवटपर्यंत लस घेतली न्हाई, त्यांचं काय दुखणं होतं ते आम्हाला काढता आलं न्हाई.

पुढच्या गावांत मॅडमनी आधी सिस्टरला पाठवायची पद्धत घातली, माझा भोंगा मागनं. माणूस येत न्हाई म्हणजे त्याला ऐकू आलेलं नसतं असं न्हाई, एवढं मी ह्या धंद्यात इतक्या वर्षांनी शिकलो.

दिवाळीला अक्काकडं गेलो, ऑटो गल्लीच्या तोंडाला लावून. जेवताना मी सुमीला रंगवून सांगायलो, की तुझ्या आईला लस मी कशी दिली, मी नसतो तर काय झालं असतं.

अक्कानं भाकरी माझ्या ताटात टाकली. "तू काय केलास रे? गप बसलास, तेवढंच. ते बी चांगलं जमलं न्हाई, टॉवेलाखालनं माईकचा बोंडा दिसायलता."