आतल्या बाजूचं घर

रस्त्याचं वळण कागदावर फार सोपं असतं. दोन सरळ रेषा जिथं भेटतात तो कोपरा सोडून आतून गोलाई बसवायची. गोलाई मोठी धरली की वळण सौम्य होतं, पण रस्ता तेवढाच आत सरकतो. हातकणंगल्याकडच्या त्या वळणाच्या आतल्या बाजूला एक घर होतं.

रुंदीकरणाच्या आखणीसाठी मी तिथं महिनाभर उन्हात होतो. त्या घरातली मावशी रोज न मागता ताक द्यायची. फक्कीची पांढरी रेघ तिच्या सोप्यातून गेली त्या दिवशीही तिनं आधी ताक दिलं. मग म्हणाली, "सायेब, घर तेवढं सोडा की. आमी दोघं म्हातारी कुठं जायाचं?" तिचा नवरा उंबऱ्यावर बसून होता.

मी पहिल्यापासून हट्टी. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या वरच्यांना माणसं काय कळणार, असं म्हणत मी गोलाई लहान केली. वाहनांचा वेग कमी धरला की कागदावर सगळं जुळतं. वरून सही झाली. नवी रेघ भिंतीपासून चार हात लांबून गेली आणि मावशीनं माझी दृष्ट काढली. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

वळणाच्या आतल्या बाजूला नजर अडवणारं काही नको, हे आम्हा इंजिनिअरांना पहिल्या वर्षीच शिकवतात. मी ते विसरलो नव्हतो, बाजूला ठेवलं होतं. गुळगुळीत रस्ता मिळाल्यावर आपल्याकडं कोण हळू जातं?

तिचा नवरा रोज सकाळी दुधाची किटली घेऊन रस्त्यापलीकडं डेअरीत जायचा. एका सकाळी घराच्या कोपऱ्याआडून टेम्पो आला. टेम्पोवाल्याला तो दिसला नाही, त्याला टेम्पो दिसला नाही. मधे मी वाचवलेली भिंत होती.

तेरावं झाल्यावर सगळं सांगायचं ठरवूनच मी गेलो. तिनं ताक दिलं. म्हणाली, "तुमच्यामुळं डोक्यावर छप्पर तरी ऱ्हायलं बघा. न्हायतर एकटीनं कुठं जायाचं?"

मी ताक संपवून भांडं खाली ठेवलं, सांगायचं ते तसंच राहिलं. वळण सुधारायचं तर हेच घर पाडायला हवं होतं.

तिनं किटली उचलली. डेअरीची वेळ झाली होती. मी धावत कोपऱ्यावर गेलो, दोन्हीकडं बघितलं आणि तिला हात केला. ती पलीकडं पोचेपर्यंत मी तिथंच उभा होतो. दुसऱ्या दिवशी नव्हतो.